दिलगिरी खात्यातली नोकरी

लोकांची माफी मागणं हे माझं पोटापाण्याचं काम होतं आणि 'माफी' हा शब्द वापरायला मला सक्त मनाई होती. हे मी कुणाला सांगितलं की लोकांना वाटतं, राऊतबाई निवृत्तीनंतर विनोदी बोलायला लागल्या. तसं नाही. खरोखरच असं होतं.

न्हावा शेवा बंदराच्या मागे मालवाहतूक कंपन्यांच्या गोदामांची लांबलचक रांग आहे. त्यातल्या एका कंपनीच्या ग्राहक सेवा विभागात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर त्यांना खुलासा लिहावा लागेल, आणि तो धड लिहिणारं आता तिथं कुणी नाही. आमचं घर चोंढीला. रोज सकाळी रेवसला जायचं, लाँचने खाडी ओलांडून करंजाला उतरायचं आणि तिथून कंपनीची बस पकडायची. लाँचमध्ये कोळणी विचारायच्या, "बाय, तुजा काम काय गो?" मी म्हणायची, "पत्रं लिहिते." त्यांना वाटायचं पोस्टात आहे.

काम समजायला सोपं आहे. आखातात किंवा आणखी कुठे नोकरी करणारी माणसं कायमची परत येताना आपला संसार लाकडी पेटीत भरून जहाजाने पाठवतात. आमची कंपनी ती पेटी उतरवून घ्यायची, कस्टममधून सोडवायची आणि घरपोच करायची. बहुतेक पेट्या नीट पोचत. ज्या पोचत नसत त्यांचे मालक माझ्या टेबलासमोर येऊन बसत.

त्यांना लिहायच्या पत्रांचं व्याकरण कंपनीच्या कायदा सल्लागारांनी ठरवून दिलं होतं. उशीर झाला तर 'खेद'. वस्तू फुटली तर 'दिलगिरी'. प्रकरण वर्तमानपत्रात जाण्याची भीती असली तर 'मनःपूर्वक दिलगिरी'. 'क्षमा', 'माफी' आणि 'चूक' हे तीन शब्द बाद, कारण त्यातून जबाबदारी सिद्ध होते. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे वाक्यात कर्ता नको. 'आम्ही पेटी हरवली' असं लिहायचं नाही. 'पेटी गहाळ झाली' असं लिहायचं. वाचणाऱ्याला वाटावं, पेटीच घरातून भांडून निघून गेली. शाळेत मी व्याकरणात पहिली यायची. त्या बुद्धीचा असा उपयोग होईल असं आमच्या मास्तरांना वाटलं नसेल.

पेणच्या एका मूर्तिकाराचं प्रकरण आठवतं. त्याने परदेशातल्या महाराष्ट्र मंडळासाठी गणपतीच्या मूर्ती पाठवल्या होत्या. आमच्याकडून त्या एका चुकीच्या जहाजावर चढल्या, दोन-चार देश हिंडल्या आणि अनंत चतुर्दशी उलटल्यावर मुक्कामी पोचल्या. मी खेदपत्र तयार केलं. आमचे सरव्यवस्थापक सबनीस साहेब ते वाचून म्हणाले, "मॅडम, हे फार निगेटिव्ह वाटतंय. जरा पॉझिटिव्ह नोटवर संपवा." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने शेवटी एक ओळ घातली: 'सर्व मूर्ती सुस्थितीत असून पुढील वर्षी वेळेपूर्वी उपलब्ध राहतील, याचा आम्हांस आनंद आहे.' मूर्तिकार पत्र घेऊन माझ्याकडे आला. रागावेल म्हणून मी पाण्याचा ग्लास पुढे केला. तो म्हणाला, "बाई, या पत्राच्या अजून कॉपी मिळतील का? आमच्या आळीत सगळ्यांना वाचायचंय."

पनवेलच्या एक निवृत्त मराठीच्या शिक्षिका होत्या. त्यांचं कपाट फुटलं होतं. माझं पत्र त्यांनी तांबड्या शाईने तपासून परत पाठवलं. 'दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे' याखाली रेघ मारून समासात लिहिलं होतं: 'कोण करत आहे? वाक्य पूर्ण करा.' मी ते वाक्य कित्येक दिवस मनातल्या मनात पूर्ण करून पाहत होते. पत्रात नाही केलं.

मग खतीब चाचांची पेटी आली.

अब्दुल लतीफ खतीब मुरुडजवळच्या एका गावचे. सगळी उमर आखातात, बहारीनला एका मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात गेलेली. बायको तिथंच त्यांच्याबरोबर होती आणि तिथंच वारली. ती गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली, तिचं सामान एका पेटीत भरलं आणि गावी लेकीकडे परत आले. काही दिवसांनी आमच्या गाडीने त्यांच्या दारात पेटी उतरवली. चाचांनी ती उघडली तर आत व्यायामाचं यंत्र, तेच ते, माणूस जागच्या जागी पळतो ते ट्रेडमिल.

त्याच आठवड्यात पुण्याहून एका गृहस्थाचा फोन आला. ते मस्कतहून परतले होते, आणि त्यांच्या पेटीतून ट्रेडमिलऐवजी पातेली, पाटा-वरवंटा, एक गोधडी आणि तांब्याचा भलामोठा थाळ निघाला होता.

आता कुणाही शहाण्या माणसाला वाटेल, एक टेम्पो मुरुडला पाठवा, एक पुण्याला, अदलाबदल करा, विषय संपला. मीही तेच सुचवलं. सबनीस साहेबांनी सल्लागारांना विचारलं. सल्लागार म्हणाले, पेटी परत उचलली तर ती चुकीच्या जागी पोचवली होती हे मान्य केल्यासारखं होतं. त्यापेक्षा दोन्ही पेट्या गहाळ दाखवा, विमा कंपनी बघून घेईल. त्यामुळे दोन्ही पेट्या कुठे आहेत हे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक असताना कागदोपत्री त्या हरवल्या. चौकशी समिती बसली. तिने निष्कर्ष काढला की हा प्रकार 'प्रणालीतील तात्कालिक विसंगतीमुळे' घडला. प्रणाली बिचारी काही बोलली नाही.

पुण्याच्या गृहस्थांनी विम्याचे पैसे घेतले. खतीब चाचांनी घेतले नाहीत. ते एस.टी.ने अलिबागला, तिथून रेवसला, लाँचने करंजाला, असे माझ्याच वाटेने ऑफिसात यायचे. पांढरा सदरा, डोक्यावर जाळीची टोपी, हातात माझं शेवटचं पत्र. आवाज कधी चढवला नाही.

"बाई, तुमचा अफसोस पोचला," ते म्हणायचे. "छान लिवलाय. आता थाळ कुठं हाय ते सांगा."

"चाचा, तपास चालू आहे."

"आमच्यात सगळे एका थाळात बसून जेवतात. लग्नात तिच्या आईने दिलेला. बहारीनला आम्ही दोघंच व्हतो, तरी ती तोच काढायची. आता लेक वेगळ्या ताटात वाढते. जेवण जातं घशाखाली, पण बसल्यासारखं वाटत न्हाय."

मी त्यांना चहा द्यायची आणि आणखी एक पत्र. थाळ पुण्यात कुठल्या सोसायटीत आहे हे मला माहीत होतं. पत्ता माझ्या खणात होता. तो द्यायचा नाही असा हुकूम होता, आणि मी हुकूम पाळला. त्याबद्दल मी स्वतःला कोणत्या शब्दात पत्र लिहू, हे मला अजून सुचलेलं नाही.

चाचा यायचे तेव्हा आमचे गोदाम पर्यवेक्षक म्हात्रे काही ना काही निमित्त काढून माझ्या टेबलाजवळ उभे राहायचे आणि मग न बोलता निघून जायचे. म्हात्रे उरणच्या बाजूचे आगरी, पहाडी आवाजाचा माणूस. गोदामात बोलले तर गेटवर ऐकू जायचं. तो माणूस गप्प गप्प झाला होता. डबा अर्धा परत न्यायचा. मी विचारलं तर म्हणायचे, "पित्त झालाय."

त्याच सुमारास कंपनीने आम्हाला सुधारायचं ठरवलं. 'चुकांकडून प्रगतीकडे' अशी कार्यशाळा काशीदच्या एका रिसॉर्टवर भरली. मुंबईहून एक प्रशिक्षक आले होते. अनवाणी, तागाचे कपडे, कॉलरला माईक. त्यांनी सांगितलं की पश्चात्ताप ही पाठीवरची गोणी आहे, ती उतरवून ठेवायची असते. प्रत्येकाने आपली सगळ्यात मोठी चूक चिठ्ठीवर लिहायची, गटासमोर वाचायची, मडक्यात टाकायची आणि मडकं समुद्रात सोडायचं. भरतीची वेळ होती. आम्ही निम्मे लोक किनाऱ्यावरचे, मडकं जेवण संपायच्या आत परत पायाशी येणार हे आम्हाला कळत होतं. पण पुढे सुरमईचं जेवण होतं, म्हणून कुणी तोंड उघडलं नाही.

चिठ्ठ्या वाचायला सुरुवात झाली. सबनीस साहेबांची सगळ्यात मोठी चूक: 'मी माणसांवर फार लवकर विश्वास टाकतो.' हिशेब विभागाच्या प्रमुखांची: 'कामाच्या नादात मी स्वतःकडे दुर्लक्ष केलं.' मनुष्यबळवाल्या बाईंची: 'मला नाही म्हणता येत नाही.' त्या बाईंनी माझी रजा किती वेळा नाकारली होती ते मला आठवत होतं. माझी पाळी आली तेव्हा मीही असंच काहीतरी गुळगुळीत वाचलं. इतक्या सद्गुणी माणसांची कंपनी तोट्यात का, असा प्रश्न पडावा अशी ती सकाळ होती.

मग म्हात्रे उभे राहिले. त्यांच्या हातात चिठ्ठी नव्हती.

"मुरुडचे चाचा आणि पुण्याचे साहेब, त्या दोन पेट्या," ते म्हणाले. माईकची गरजच नव्हती. "पावसाच्या ओलीनं दोन्ही लेबलं गळून पडलेली. कागद काढून नंबर जुळवायला पायजे व्हता. माझ्या भाचीची हळद व्हती त्या संध्याकाली, मामा म्हणून मना पुढं जायचा व्हता. मी अंदाजानं चिकटवली. सिस्टीमचा काय संबंध न्हाय. मी चिकटवली."

प्रशिक्षकांना आपल्या आयुष्यात एवढी खरी चूक कुणी सांगितली नसावी. ते गहिवरले. "टाळ्या!" म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सबनीस साहेबांनी उभं राहून वाजवल्या आणि म्हात्रेंना मिठीसुद्धा मारली.

सोमवारी त्यांनी मला बोलावून म्हात्रेंना कारणे दाखवा नोटीस तयार करायला सांगितलं.

मी ती लिहिली. चांगली लिहिली. 'आपल्याकडून निष्काळजीपणा घडल्याचे निदर्शनास आले आहे', वगैरे. म्हात्रेंनी दुपारी उत्तर आणून दिलं. कागदावर मधोमध एकच ओळ होती: 'चूक मी केली.' खाली सही.

एवढ्या वर्षांत त्या इमारतीत कर्ता असलेलं ते पहिलंच वाक्य असावं. सल्लागारांना घाम फुटला. असा कागद फायलीत राहिला आणि उद्या कुणी कोर्टात गेलं तर? मग उलटंच सुरू झालं. सबनीस साहेब स्वतः गोदामात गेले. मी सोबत होते.

"म्हात्रे, नोटीस आम्ही मागे घेतो. तुम्ही फक्त ते उत्तर मागे घ्या. 'लेबलं निसटली असावीत' एवढं लिहा. तुमच्याच फायद्याचं आहे."

"साहेब, केलेली हाय ती मागं कशी घेऊ?"

"अहो, नोकरी जाईल!"

"जाऊ दे मंग. पण मना आधी त्या चाचांच्या घरी जायचाय. पत्ता कोन देतंय?"

साहेब माझ्याकडे बघायला लागले, म्हणजे मी देऊ नये म्हणून. संध्याकाळी मी दोन्ही पत्ते एका कागदावर लिहून म्हात्रेंच्या खिशात घातले. त्यात फार मोठं धैर्य होतं असं नाही. माझी निवृत्ती जवळ आली होती, आणि त्या वयात माणसं थोडी शूर होतातच.

पुढच्या रविवारी म्हात्रेंच्या मोटारसायकलवर मागे बसून मी मुरुडला गेले. चाचा ओसरीवर बसले होते. शेजारी ट्रेडमिल, तिच्यावर वाळत घातलेले कोळंबीचे सोडे. म्हात्रेंनी चपला काढल्या आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, हळदीसकट.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "माफी मागायला आलास?"

"व्हय."

"चाय पी. माफीचं नंतर बघू. थाळ कुठं हाय?"

"पुण्यात."

"मग इथं काय करतोस?"

म्हात्रेंनी चहा अर्धा टाकला. मला चोंढीला सोडलं आणि रजा टाकून ते पुण्याला गेले. तिथं काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. नवराबायको वागायला अगदी चांगले. त्यांना वाटलं होतं, कंपनीने नेलं नाही म्हणजे ते सामान आता त्यांचंच. पातेल्यांत मनीप्लांट लावले होते, गोधडीवर कुत्रं झोपत होतं. थाळाच्या मधोमध भोक पाडून, काटे बसवून, त्याचं भिंतीवरचं घड्याळ केलं होतं. कडेने बारा, तीन, सहा, नऊ असे पितळी आकडे. म्हात्रेंनी कुणाच्या बायकोची वस्तू आहे ते सांगितल्यावर त्या बाईंनी स्वतः स्टुलावर चढून घड्याळ उतरवलं आणि आकडे काढता काढता रडल्या. ते दोघं पुन्हापुन्हा 'सॉरी' म्हणत होते. म्हात्रे मला म्हणाले, "मॅडम, मी सॉरी बोलायला गेलेलू, ते मनाच सॉरी बोलायला लागले."

दुसऱ्या खेपेला आम्ही मुरुडला थाळ घेऊन गेलो. गोधडी म्हात्रेंच्या बायकोने धुऊन दिली होती. चाचांनी ती बाजूला ठेवली, थाळ मांडीवर घेतला आणि मधल्या भोकातून बोट घातलं. कितीतरी वेळ ते बोट तसंच होतं. लेक दाराआडून बघत होती.

"तिनं हा कधी कुणाला घासायला दिला नव्हता," ते शेवटी म्हणाले. "कामवालीला पण न्हाय."

म्हात्रे म्हणाले, "चाचा, बुजवून आणतो."

"बुजेल?"

"बगतो."

चाचा थाळ द्यायला तयार होईनात. एकदा आमच्या हाती दिलेल्या वस्तूचं काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं. मग लेक बाहेर आली आणि म्हणाली, "अब्बा, या वेळी तो स्वतःच्या हातानं नेतोय." तेव्हा कुठे त्यांनी हात सैल सोडला.

तांब्याला ठिगळ मारून कल्हई करणारा कारागीर आता सहज सापडत नाही. अलिबागला नाही म्हणाले, चौलला नाही म्हणाले. शेवटी पेणला एक म्हातारा कासार भेटला, त्याने भट्टी पेटवायचं कबूल केलं. म्हात्रे सबंध दिवस समोर बसून राहिले. कासाराने कंटाळून विचारलं, "विश्वास न्हाय का माझ्यावर?" म्हात्रे म्हणाले, "तुमच्यावर हाय."

इकडे कंपनीतही बदल झाला होता. म्हात्रे आता प्रत्येक पेटीचा नंबर कागदावरून मोठ्याने वाचायचे, आणि दुसऱ्या माणसाकडून पुन्हा वाचून घ्यायचे. त्यामुळे कामाला वेळ लागायला लागला. संथपणाबद्दल त्यांना मेमो मिळाला, तोही मीच लिहिला. पुढे पेट्या चुकायच्या बंद झाल्यावर तीच पद्धत मुख्यालयाने इंग्रजी नाव देऊन सगळ्या गोदामांना लागू केली आणि ती शोधून काढल्याबद्दल सबनीस साहेबांचा मुंबईत सत्कार झाला. साहेबांच्या भाषणात 'माझ्या चुकांनी मला घडवलं' असं वाक्य होतं. तेव्हा ती चूक कुणाची, यावर आम्ही कॅन्टीनमध्ये बराच वेळ हसलो. म्हात्रे हसले नाहीत. त्यांना त्या सत्काराशी देणंघेणंच नव्हतं. त्यांची नोटीस अजून मागेही घेतलेली नाही आणि पुढेही गेलेली नाही, कारण उत्तर वाचायला कुणी तयार नाही. ते नोकरीत आहेत. मी मात्र सुटले.

तिसऱ्यांदा मुरुडला गेलो तेव्हा मी निवृत्त झाले होते. थाळ मधोमध ठिगळासकट चकचकत होता. ठिगळाची कड हाताला लागत होती आणि आकडे चिकटवल्याच्या पुसट खुणा कडेने राहिल्याच होत्या. चाचांनी थाळ ओसरीवर ठेवला, तांब्याने त्यात पाणी ओतलं आणि समोर बसून राहिले. आम्हीही बसलो. म्हात्रेंची नजर थाळाखालच्या जमिनीवर खिळलेली. घामाचा एक थेंब त्यांच्या नाकावरून खाली पडला आणि ते दचकले, थाळ गळतोय असं वाटून.

जमीन कोरडीच राहिली.

चाचांनी पाणी माडाच्या बुंध्याशी ओतलं, थाळ सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि आत हाक मारली. लेकीने भात आणि बांगड्याचं कालवण आणून थाळात वाढलं. मला आत पाट मांडला होता, पण उंबऱ्यातून सगळं दिसत होतं. चाचांचे दोन नातू येऊन बसले. चाचा बसले. एक बाजू मोकळी होती.

म्हात्रे उभेच होते. चाचांनी वर बघितलं.

"बस ना."

म्हात्रे म्हणाले, "चाचा, म्हंजे तुम्ही मना माफ..."

"ते अजून न्हाय," चाचा म्हणाले आणि मोकळ्या बाजूला भाताचा ढीग सरकवला. "जेवायची वेळ झालीय म्हणून बस."

म्हात्रे बसले. आणि ते इतकं जेवले, इतकं, की चाचांच्या लेकीला दुसऱ्यांदा भात टाकावा लागला.